जुनी मोटार आणि नव्या नळ्या

शाळेच्या वार्षिकांत मोटारीच्या धुराच्या नळ्यांवर लेख पाहून कित्येक वाचकांस आश्चर्य वाटेल, आणि आमच्या एकदोन सहकाऱ्यांस तर तो विषय ह्या पृष्ठांस शोभणाराही वाटणार नाहीं. परंतु गेलीं दोन वर्षें वरच्या वर्गांतील मुलें मधल्या सुटींत ज्या प्रश्नावर हिरिरीनें भांडतांना आमच्या कानीं येतात, तो हाच आहे. साठ वर्षांपूर्वींची अमेरिकन मोटार, जिला ते लोक 'मसल कार' म्हणतात, तिचें मूळचें बिडाचें नळकांडें काढून तिला बाजारांत मिळणारे नवे 'हेडर' बसवावे कीं बसवूं नयेत? एक पक्ष म्हणतो, जुन्या वस्तूस हात लावणें हाच अपराध. दुसरा म्हणतो, हेडर बसविले कीं गाडी दुप्पट धांवते. दोन्ही पक्षांतील एकानेंही अशी गाडी जवळून पाहिलेली नाहीं. पण मोठ्या माणसांचे वाद तरी ह्याहून फार निराळे असतात असें नाहीं. आम्हांस मात्र गेल्या उन्हाळ्यांत असें एक काम प्रत्यक्ष पाहण्याचा, किंबहुना त्यांत स्वतःचे हात काळे करून घेण्याचा योग आला. म्हणून ह्या बाबतींत मत देण्याचा थोडासा तरी अधिकार आम्हांस प्राप्त झाला आहे असें आम्ही समजतों.

आमच्या शाळेचा एक जुना विद्यार्थी आज वीस वर्षें अमेरिकेंतील मिशिगन संस्थानांत, डेट्रॉइट शहराच्या उत्तरेस राहतो. ज्या मुलखांत मोटारीचा धंदा वाढला त्याच मुलखांत संसार थाटल्यामुळें कीं काय, त्यानें १९६६ सालची एक फोर्ड मस्टँग विकत घेतली आहे. जुलै महिन्यांत आम्ही त्याच्या घरीं उतरलों, तेव्हां चहा पुढें येण्याच्या आधींच त्यानें आम्हांस गॅरेजमध्यें नेलें. दारावरील पत्र्याच्या पट्टीवर बोट ठेवून तो म्हणाला, "सर, हा सहा म्हणजे १९६६ साल, हें एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, आणि हें ए म्हणजे २२५ अश्वशक्तीचें एंजिन." डिअरबॉर्न तेथून मोटारीनें तासाभराच्या आंत आहे, म्हणजे साठ वर्षांत ही गाडी आपल्या जन्मस्थानापासून फारशी दूर गेली नव्हती. एंजिन आठ सिलिंडरांचें, २८९ घनइंचांचें, म्हणजे सुमारें ४.७ लिटरांचें.

येथें एक खुलासा करणें अवश्य आहे. काटेकोर लोक मसल कार हें नांव १९६४ च्या पाँटियाक जीटीओसारख्या, मध्यम आकाराच्या सांगाड्यांत मोठें एंजिन घातलेल्या गाड्यांसच देतात. १७ एप्रिल १९६४ रोजीं लोकांपुढें आलेल्या मस्टँगला ते 'पोनी', म्हणजे तट्टू, ह्या निराळ्या जातींत घालतात. हा जातिभेद आम्हांस मान्य नाहीं, निदान ह्या लेखापुरता तरी नाहीं.

आतां हेडर म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. सिलिंडरांत पेट्रोल जळल्यावर जो तप्त वायु उरतो तो बाहेर जाण्यास प्रत्येक सिलिंडरास एक दार असतें. मस्टँगच्या एंजिनास एका बाजूस चार व दुसऱ्या बाजूस चार अशीं हीं दारें आहेत. कारखान्यानें प्रत्येक बाजूच्या चार दारांवर बिडाचें एकच जाड ओतीव नळकांडें बसविलें होतें. चारी दारांचा वायु त्या एकाच पोकळींत येऊन पडतो आणि एका तोंडानें खालच्या पाइपांत जातो. चाळींतील चार बिऱ्हाडांस एकच अरुंद जिना असावा तसा हा प्रकार आहे. सकाळीं कचेरीच्या वेळीं चौघेही एकदम निघाले म्हणजे त्या जिन्यावर काय होतें तें गिरगांवांत राहिलेल्या वाचकांस सांगावयास नको. हेडरमध्यें प्रत्येक दारास पोलादाची स्वतंत्र नळी असते. दीड इंच किंवा त्याहून किंचित् अधिक व्यासाच्या अशा चार नळ्या कांहीं अंतर आपआपल्या वाटेनें जाऊन मग एकत्र मिळतात.

बिडाच्या नळकांड्यास नांवें ठेवण्याची हल्लीं रीत पडली आहे, ती आम्हांस अन्यायाची वाटते. तें स्वस्त असतें, दोन पिढ्या टिकतें, आवाज गिळतें, शेजारच्या वायरी भाजीत नाहीं आणि अडचणीच्या जागेंत निमूटपणें बसतें. मार्च १९६६ मध्यें, म्हणजे पुरतीं दोन वर्षेंही झालीं नाहींत तोंच, फोर्डच्या कारखान्यांतून दहा लाखावी मस्टँग बाहेर पडली. इतक्या गाड्या सामान्य गृहस्थांस सामान्य किंमतींत देणाऱ्या कारखान्यानें बीडच निवडलें, ह्यांत त्याची चूक काढतां येत नाहीं.

पण जिन्यावर गर्दी होते हेंही खरें, आणि ती कशी होते हें पाहण्यासारखें आहे. ह्या एंजिनांत उजव्या बाजूच्या सिलिंडरांस पुढून मागें १ ते ४, व डाव्या बाजूच्या ५ ते ८ असे क्रमांक दिलेले आहेत. ठिणगी पडण्याचा क्रम १-५-४-२-६-३-७-८ असा आहे. वाचकानें हा क्रम कागदावर लिहून दोन्ही बाजूंचे आंकडे निराळे केले तर त्यास दिसेल कीं, उजवीकडे ४ च्या लगोलग २ येतो आणि डावीकडे ७ च्या लगोलग ८. ह्या दोहोंमध्यें क्रँकच्या फेऱ्याचे अवघे ९० अंश जातात. परंतु धूर जाण्याचें दार तर सुमारें अडीचशें अंश उघडें राहतें. म्हणजे सातवा सिलिंडर आपला धूर अजून बाहेर टाकीत असतो तोंच आठव्याचा लोट त्याच पोकळींत, आणि तोही अगदीं शेजारच्या दारांतून, येऊन आदळतो. ज्या अडखळत्या, घुमणाऱ्या आवाजावर आमचीं मुलें लुब्ध झालेलीं आहेत, तो आवाज ह्याच विषम क्रमाचें अपत्य आहे.

दुसरी गोष्ट लाटेची. दार उघडतांच दाबाची एक लाट नळींतून धांवत सुटते. इतक्या तप्त वायूंत तिचा वेग सेकंदास ५०० मीटरांहूनही अधिक असतो. नळीच्या उघड्या तोंडाशीं पोहोंचल्यावर ती पालटते, आणि विरळ दाबाची लाट होऊन उलट फिरते. ती दाराशीं परत येते त्या क्षणीं दार अजून उघडें असेल तर उरलासुरला धूर ती ओढून घेते आणि ताज्या मिश्रणास आंत येण्यास मदत करते. झोपाळ्यास योग्य क्षणीं दिलेला हलका धक्का उपयोगी पडतो व अवेळीं दिलेला बाधतो, तसेंच हें आहे. नळी लांब असली तर हा योग एंजिनाच्या कमी वेगावर जुळतो, आंखूड असली तर अधिक वेगावर. एकाच लांबीच्या नळीनें तो सर्व वेगांवर जुळणें शक्य नाहीं. बाजारांतील चकचकीत जाहिराती ही गोष्ट सहसा सांगत नाहींत.

हेडरची विद्या इतकीच आहे. ती कळल्यावर दोन्ही पक्षांचा निवाडा करणें फारसें कठीण नाहीं.

जुन्या वस्तूस हात लावूं नये म्हणणाऱ्यांस आम्ही एकच विचारतों: कोणत्या वस्तूस? १९३० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियांतील म्युरॉक व एल मिराज येथील कोरड्या सरोवरांवर जे तरुण जुन्या फोर्ड गाड्या पळवीत, ते गाडी घरीं आणल्याबरोबर तिच्यांत फेरफार करण्यास लागत. पुढें १९६५ सालीं कॅरोल शेल्बी ह्या टेक्ससच्या शर्यतपटूनें सॅन होझेच्या फोर्ड कारखान्यांतून पांढऱ्या मस्टँग आणवून आपल्या कॅलिफोर्नियांतील कारखान्यांत त्यांची जीटी३५० ही गाडी बनविली. त्या वेळीं फोर्डचें सर्वांत जोरदार २८९ घनइंची एंजिन २७१ अश्वशक्तीचें होतें. शेल्बीनें तें ३०६ वर नेलें, आणि तें नेतांना बिडाचें नळकांडें काढून पोलादी हेडरच बसविले. ते 'ट्राय-वाय' नांवाच्या जातीचे होते: चार नळ्या आधीं जोडीजोडीनें मिळतात, मग त्या दोन जोड्या मिळून एक होतात. सारांश, मस्टँगला हेडर हें परक्याचें लेणें नव्हे. तिच्या घराण्यांतच ती चाल आहे.

मात्र एखादी गाडी केवळ योगायोगानें साठ वर्षें कोणाचाही पाना न लागतां राहिली असेल, तर ती मोटार नसून पुराव्याचा कागद आहे, आणि तिला खरोखरच हात लावूं नये. आमच्या मित्राची गाडी तशी नव्हती. तिचा रंग तिसरा होता, आसनें दुसरीं होतीं, आणि मधल्या कोणा मालकानें तिच्यांत रेडिओ बसवितांना केलेले प्रताप पाहून आम्हांस वाईट वाटलें.

दुप्पट धांवण्याची गोष्ट करणाऱ्यांस आंकडेच उत्तर देतात. २७१ वरून ३०६, म्हणजे ३५ अश्वशक्तीची जी वाढ शेल्बीनें केली, ती एकट्या हेडरची नव्हती. ॲल्युमिनियमचें उंच आवक-नळकांडें आणि मोठा हॉली कार्ब्युरेटर ह्यांचा तींत वांटा होता. शिवाय त्या काळचे हे सगळे आंकडेच जरा फुगीर आहेत. १९७१ पर्यंत अमेरिकन कारखाने अश्वशक्ति मोजतांना एंजिन गाडींतून निराळें, तिचा पाइप व सायलेन्सर न जोडतां मोजीत. १९७२ पासून गाडींत जसें असतें तसें मोजण्याची रीत सार्वत्रिक झाली, आणि एका वर्षांत पुष्कळ गाड्यांचे घोडे कागदावरून पळाले. तेव्हां आमच्या मित्राच्या २२५ घोड्यांपैकीं कित्येक मुळांत तबेल्यांत नव्हतेच. हेडरनें त्यांतले कांहीं परत येतात, इतकेंच म्हणतां येईल. आणि तेही एंजिन वरच्या वेगावर असतांना. बाजारास भाजी आणावयास जाणाऱ्या माणसास त्यांची भेट क्वचितच होईल.

आमचें मत असें आहे कीं, चालविण्याच्या गाडीस हेडर बसविण्यास हरकत नाहीं. परंतु जो मनुष्य हें काम केवळ नळ्या बदलण्याचें समजतो त्यानें तें हातीं घेऊं नये. एंजिनाचे अवयव हें एक कुटुंब आहे. एकाची जागा दुसऱ्यानें घेतली कीं त्याच्याशीं संबंध असलेल्या दहा जणांची विचारपूस करावी लागते, आणि ती न केल्यास त्यांतला एखादा असा सूड घेतो कीं तो आपल्यावर न येतां भलत्याच निरपराध जिवावर येतो. हें आम्ही पुस्तकांतून सांगत नाहीं.

कामास चार दिवस लागले. मुलांच्या बोलण्यांत तें एका दुपारचें असतें. त्यांतले पहिले दोन दिवस जुने बोल्ट सोडविण्यांतच गेले. मिशिगनमध्यें हिवाळ्यांत रस्त्यावरचें बर्फ वितळावें म्हणून मीठ टाकतात, आणि तें मीठ गाडीच्या पोटाखालचें सगळें लोखंड खातें. शिवाय तापून निवण्याचीं हजारों आवर्तनें सोसलेला बोल्ट आपल्या आट्यांशीं एकजीव झालेला असतो. त्यावर जोर केला तर तो सुटत नाहीं, मोडतो. आणि मोडलेला तुकडा एंजिनाच्या हेडमध्यें राहिला म्हणजे तो ड्रिलनें पोखरून काढण्यावांचून गत्यंतर नसतें. आमच्या मित्रानें तीन रात्री आधीं त्यांवर गंज सोडविणारें तेल सोडून ठेविलें होतें. पाना लावल्यावर तो पाव फेरा सोडवी, पुन्हा पाव फेरा आवळी, पुन्हा तेल सोडी. दांताच्या वैद्यासारखी त्याची ती धिमी रीत पाहून हाच मुलगा नववींत असतांना भूमितीच्या वहींत एक रेघ सरळ काढीत नसे हें आम्हांस खरें वाटेना. एकच बोल्ट मोडला, आणि तोही बाहेर थोडा उरून मोडल्यामुळें चिमट्यानें धरतां आला.

गाडी जॅकनें उचलून लोखंडी घोड्यांवर ठेविली होती. (नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखालीं शिरणाऱ्या मनुष्यास आम्ही मूर्ख म्हणतों, आणि हा शब्द आम्ही मागें घेणार नाहीं.) बॅटरीची तार आधींच सोडली होती. प्लग, तेलाचा फिल्टर व स्टार्टर काढून ठेविले. मधल्या कोणा मालकानें नळकांड्याखालीं घातलेलें एक जुनें गॅस्केट हेडला चिकटून राहिलें होतें. तें पात्यानें कोरडें खरवडावयास आम्ही पुढें सरसावलों, तों मित्रानें आमचा हात धरला. त्या काळच्या गॅस्केटांत ॲस्बेस्टॉस असण्याचा पुष्कळ संभव असतो, आणि त्याची धूळ फुप्फुसांत गेली तर तिचा परिणाम वीस-तीस वर्षांनींही दिसूं शकतो. त्यानें तें पाण्यानें भिजविलें, तोंडास जाड मुखवटा बांधला आणि मग हळूहळू काढून पिशवींत बंद केलें.

नवे हेडर आंत घालणें हें खरें दिव्य होतें. मस्टँगच्या एंजिनाच्या दोन्ही अंगांस पुढच्या चाकांच्या स्प्रिंगांसाठीं पत्र्याचे उंच बुरूज आहेत. त्यांच्या व एंजिनाच्या मधल्या फटींतून चार नळ्यांचा तो वेडावांकडा गुंता खालीं उतरवावयाचा. डावीकडे तर स्टिअरिंगची पेटी आणि क्लचचा आडवा दांडाही वाटेंत येतो. शेवटीं एंजिन ज्या रबरी पायांवर बसतें त्यांचे बोल्ट ढिले करून, तेलाच्या पात्राखालीं रुंद फळी देऊन, सगळें एंजिन दोन इंच वर उचललें. तेव्हां कोठें नळ्या जागेवर गेल्या. मग क्लच पुरता दाबून पाहिला, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहिलें, पेट्रोलची व ब्रेकची नळी ह्यांच्यापासून अंतर पाहिलें. एके ठिकाणीं क्लचचा दांडा नळीस घासत होता. तेथें मित्रानें हेडर पुन्हा बाहेर काढून त्या नळीस हातोड्यानें किंचित् खळगा पाडला. आम्हांस हा त्याचा निर्णय फार आवडला. दांडा कापणें किंवा बुरुजाचा पत्रा ठोकणें सोपें होतें. पण ठोकावयाचें तें नव्या नळीस, साठ वर्षांच्या गाडीस नव्हे.

ह्यानंतर कुटुंबांतील इतर मंडळींची विचारपूस सुरू झाली. ह्या गाडीचा चोक उष्णतेवर चालतो: बिडाच्या नळकांड्याजवळ तापलेली हवा एका बारीक नळीनें कार्ब्युरेटरकडे येते, तेथील धातूचें वेटोळें तापतें आणि चोक उघडतो. नळकांडें गेलें कीं ती हवाही गेली, आणि एंजिन तापलें तरी चोक मिटलेलाच राहणार! म्हणून विजेवर तापणारा चोक बसवावा लागला. धूर मोकळा जाऊं लागल्यामुळें हवा अधिक येते आणि मिश्रण पातळ होतें. प्लग काढून पाहिले तर ते पांढरे फटक दिसले. कार्ब्युरेटरचीं जेट बदलून मोठीं घातलीं, तेव्हां त्यांवर फिकट तपकिरी रंग आला. पातळ मिश्रणावर तसेंच चालविलें असतें तर व्हॉल्व्ह जळण्याची भीति होती. स्टार्टर आतां तापलेल्या नळ्यांच्या अगदीं कुशींत आला होता. त्यावर पत्र्याचें कवच घातलें. प्लगच्या वायरींस उष्णता सोसणारे मोजे चढविले. हें सर्व यथासांग झालें. राहिली ती एकच गोष्ट, आणि ती आमच्यामुळें राहिली.

गॅस्केट पहिल्यांदा तापून निवलें कीं बसतें, म्हणजे किंचित् दबतें, आणि सगळे बोल्ट थोडे ढिले पडतात. ते पुन्हा आवळावयाचे असतात. पुढें दोनशें-तीनशें मैल झाल्यावर आणखी एकदां. हें मित्रास ठाऊक होतें. परंतु दुसऱ्या दिवशीं रविवार, त्यानंतर आमचें परतीचें विमान, आणि आम्हांस तर वुडवर्ड ॲव्हेन्यू हा प्रसिद्ध रस्ता ह्याच गाडींतून पाहावयाचा होता. डेट्रॉइटहून उत्तरेस जाणाऱ्या ह्या रस्त्यावर १९९५ पासून ऑगस्टांत जुन्या मोटारींचा मोठा मेळा भरतो. "सर, बोल्ट एकदां पाहून घेतों," असें तो म्हणाला. "आल्यावर पाहा," असें आम्ही म्हणालों. गुरूचा शब्द त्यानें मोडला नाहीं. तो मोडावयास हवा होता.

मागच्या आसनावर त्याची नऊ वर्षांची मुलगी बसली होती. वाऱ्याच्या आवाजांत बोलणें ऐकूं येईना, म्हणून काचा वर करावयास सांगणारेही आम्हीच. वीस-पंचवीस मिनिटांनीं ती म्हणाली, "बाबा, माझं डोकं दुखतंय." थोड्या वेळानें मळमळतें म्हणाली. आम्हांस वाटलें, गाडी लागली असेल. आमचेंही डोकें जड झालें होतें. तें आम्ही एंजिनाच्या आवाजावर घातलें. मित्र मात्र गप्प होऊन ऐकत होता. गाडीस वेग देतांच डावीकडून एक बारीक टिकटिक येत होती. त्यानें पुढच्याच वळणावर गाडी बाजूस घेतली, सगळीं दारें उघडलीं आणि मुलीस उचलून झाडाखालीं नेलें. मोकळ्या हवेंत ती हळूहळू सांवरली. तरी तशीच तिला डॉक्टरांकडे नेऊन तपासून घेतलें. संध्याकाळीं मित्रानें घराच्या भिंतीवरचा विषारी वायूची सूचना देणारा यंत्रगजर काढून गाडीच्या मागच्या आसनावर ठेविला, काचा बंद केल्या, एंजिन सुरू करून आम्ही सर्व बाहेर उभे राहिलों. थोड्याच वेळांत तो ओरडूं लागला.

डाव्या बाजूचें सर्वांत मागचें दार, म्हणजे तोच तो आठवा सिलिंडर, तेथील बोल्ट ढिला पडून गॅस्केट फुंकलें गेलें होतें. एंजिन व बैठक ह्यांमधल्या पत्र्यांत जुन्या रेडिओच्या तारेसाठीं पाडलेलें एक छिद्र उघडेंच होतें, आणि धूर तेथून आंत येत होता. १९७५ पूर्वींच्या अशा गाड्यांस धूर शुद्ध करणारें यंत्र नसतें; त्यांच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड शेंकडा कांहीं भागांपर्यंत असूं शकतो. त्यास वास नाहीं, रंग नाहीं. आणि आपल्या रक्तांतील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षां त्यास दोनशें पटींहून अधिक ओढीनें धरून बसतें. धुराचा जो वास येत होता तो 'जुन्या गाडीचा वास' म्हणून आम्ही कौतुकानें घेत होतों. मित्राची पत्नी त्या रात्रीं आमच्याशीं एक शब्दही बोलली नाहीं. तिचें कांहींच चुकलें नाहीं.

आमच्या मुलांनीं हेडरच्या चित्रांबरोबर ही हकीकतही वाचावी अशी आमची इच्छा आहे. कारण त्यांचें पुढचें पाऊल कोणतें असेल तें आम्ही जाणतों. मस्टँग त्यांच्या हातीं लागणार नाहीं, पण थोरल्या भावाची मोटारसायकल लागेल, आणि सायलेन्सर काढला कीं शक्ति वाढते असा त्यांचा समज आहे. शक्ति वाढविणारी असते ती नळीची योजना. आवाज हा त्या योजनेचा भाग नव्हे. आमच्या मित्राच्या गाडीस हेडरच्या पुढें दोन पुरते सायलेन्सर आहेत, आणि दोन्ही बाजूंचे पाइप एका आडव्या नळीनें जोडलेले आहेत, त्यामुळें गुरगुर राहिली व कानठळ्या गेल्या. आपल्याकडे तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम गाडीच्या मूळ रचनेंत मनमानी फेरफार करूं देत नाहीं, १९८९ च्या नियमांप्रमाणें सायलेन्सर सक्तीचा आहे, आणि पुण्यांत पोलिसांनीं असे कर्कश सायलेन्सर जप्त करून ते रोलरखालीं चिरडल्याचें चित्र सर्वांनीं पाहिलें आहे. पन्नास वर्षांवरील गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवावयाची असल्यास २०२१ च्या नियमांप्रमाणें ती मूळ रूपांत असावी लागते. तेव्हां ज्या कोणाच्या आजोबांची जुनी मोटार वाड्यांत उभी असेल त्यानें हेडरचा विचार करण्याआधीं हा नियम वाचावा.

सोमवारीं सकाळीं मित्रानें नवें गॅस्केट घातलें, छिद्र रबरानें बुजविलें, एंजिन तापवून निवूं दिलें आणि सगळे बोल्ट मधल्यापासून टोकांकडे पुन्हा आवळले. आम्ही दिवा धरून उभे होतों. गजर मागच्या आसनावर ठेवून त्यानें तासभर एंजिन चालविलें. तो गप्प राहिला.

तें झाल्यावर कोपऱ्यांत पडलेल्या दोन बिडाच्या नळकांड्यांकडे बोट करून त्यानें विचारलें, "सर, हें लोखंड ठेवून काय करायचं? उद्यां भंगारवाला येतो." आम्ही त्यांतलें एक उचलून उजेडांत नेलें. पुसल्यावर त्यावर ओतकामाचे आंकडे व अक्षरें दिसूं लागलीं. फोर्डच्या त्या काळच्या खुणांत सी हें अक्षर १९६० च्या दशकाचें, आणि त्यापुढचा आंकडा वर्षाचा. म्हणजे गाडीचा जन्म सांगणारा दाखलाच आमच्या हातांत होता. ज्यास पुढें कधीं ही गाडी मूळ रूपांत न्यावीशी वाटेल, त्यास हें नळकांडें भंगारांतून परत मिळणार नाहीं. दुपारभर बसून आम्ही दोघांनीं तीं तारेच्या ब्रशनें घासलीं, तेल लावलें, गोणपाटांत गुंडाळलीं. धडके बोल्ट एका डब्यांत, मोडलेला एक निराळ्या पुडींत, गरम हवेची ती बारीक नळी तिसऱ्या. चिठ्ठ्या लिहिण्याचें काम मुलीनें मागून घेतलें. तिनें इंग्रजींत एक चिठ्ठी लिहिली, मग आमच्याकडे पाहून खालीं मराठींत लिहिलें: 'डावें', 'उजवें'. माळ्यावर तीं ठेवण्यास शिडी आम्ही धरली.